उशाखालचा निखारा

गेल्या थंडीतली गोष्ट. सकाळी दवाखान्याचे दार उघडतो न उघडतो तोच एक बाई आपल्या भाच्याला घेऊन पायरीवर उभ्या दिसल्या. मुलाचा उजवा हात धुवट पंचात गुंडाळलेला होता. मुलगा बारावीचा. परीक्षेला जेमतेम दोन महिने उरलेले. बाईंच्या डोळ्यांत पाणी.

“डॉक्टर, रात्री गोधडीत मोबाइल पेटला हो याचा!”

पंचा सोडला तर तळहातावर आणि दोन बोटांवर पांढरा शुभ्र लेप. घरातली टूथपेस्टची अख्खी ट्यूब संपवलेली. ती हळूहळू धुऊन काढायलाच अर्धा तास गेला. खाली चामडी सोललेली, फोड आलेले. मुलगा दात आवळून बसला होता. मलमपट्टी करता करता मी त्याला विचारले, “काय रे, फोन आधी फुगला होता का?”

त्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, “पंधरा दिवस झाले, काका. मागचं झाकण उचललं होतं. मी रबर लावून ठेवलं होतं.”

वाचकहो, आजचा लेख या रबराबद्दल आहे. तो फोन कोणत्या कंपनीचा होता याला महत्त्व नाही. बॅटरी बाजारातून बदलून घेतलेली होती, चार्जर मित्राचा होता आणि फोन रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावलेला होता. पण हाच अपघात एकदा जगातल्या एका बड्या कंपनीच्या अगदी कोऱ्या, महागड्या फोनच्या बाबतीत घडला. त्याची कारणे पुढे जाहीर झाली, म्हणून ती हकिकत समजून घेतली तर आपल्या घरातला धोका नीट उमजतो.

कोऱ्या फोनची कथा

२ ऑगस्ट २०१६ रोजी सॅमसंग कंपनीने न्यूयॉर्कमध्ये मोठा समारंभ करून ‘गॅलॅक्सी नोट ७’ हा फोन जगाला दाखवला. ५.७ इंचांचा पडदा, दोन्ही कडांना वळलेली काच, डोळ्यांची बुबुळे ओळखून उघडणारे कुलूप, सोबत लिहायची लेखणी, आणि पाण्यात पडला तरी न बिघडणारी बांधणी. आधीच्या ‘नोट ५’मध्ये ३,००० एमएएच क्षमतेची बॅटरी होती. या फोनमध्ये ती ३,५०० केली. फोनची जाडी मात्र ८ मिलिमीटरच्या आतच ठेवली. म्हणजे शिदोरी वाढली, पण डबा जवळपास तेवढाच राहिला.

१९ ऑगस्टला अमेरिका, दक्षिण कोरिया आदी देशांत विक्री सुरू झाली. परीक्षकांनी वाहवा केली, लोकांनी रांगा लावल्या. आणि दोन आठवड्यांच्या आतच फोन पेटल्याच्या बातम्या येऊ लागल्या. कुणाचा चार्जिंगला लावलेला असताना, कुणाचा नुसता ठेवलेला असताना. २ सप्टेंबरला कंपनीने विक्री थांबवली आणि सुमारे २५ लाख फोन बदलून देण्याचे जाहीर केले. एकट्या अमेरिकेत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बॅटरी तापल्याच्या ९२ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. त्यांपैकी २६ जणांना भाजले होते.

आपल्या देशातही हा फोन ५९,९०० रुपये किमतीला जाहीर झाला होता, पण विक्री सुरू होण्याआधीच थांबवण्यात आली. परदेशातून कुणी आणलाच, तर विमानात तो चालू करू नका, अशी ताकीद नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दिली.

खरी नामुष्की पुढेच होती. बदली म्हणून दिलेल्या फोनांत दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी होती. तेही पेटू लागले. ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुइव्हिल येथे उड्डाणापूर्वी विमानातच एका बदली फोनमधून धूर निघाला आणि सगळे प्रवासी खाली उतरवावे लागले. अखेर त्याच महिन्यात कंपनीने हा फोन बनवणेच कायमचे बंद केले. समारंभापासून शेवटापर्यंत अवघे सव्वादोन महिने!

वळकटी आणि ट्रंक

असे का झाले? कंपनीने सुमारे ७०० तंत्रज्ञ कामाला लावून २ लाख फोन आणि ३० हजार बॅटऱ्या तपासल्या आणि २३ जानेवारी २०१७ रोजी कारणे जाहीर केली. ती समजण्यासाठी बॅटरीच्या आत काय असते ते थोडक्यात पाहू.

मोबाइलची लिथियम-आयन बॅटरी म्हणजे एक वळकटीच असते. धन आणि ऋण असे दोन पातळ पत्रे, त्यांच्यामध्ये विभाजक नावाचा अत्यंत पातळ प्लॅस्टिकचा पडदा. हे सारे गुंडाळून चपटे करतात आणि पाकिटात भरतात. आत जो द्रव असतो तो चटकन पेट घेणारा असतो. मधला पडदा शाबूत आहे तोवर सारे ठीक. पडदा फाटला की दोन्ही पत्रे एकमेकांना चिकटतात, शॉर्टसर्किट होते, उष्णता वाढते, त्या उष्णतेने आणखी पडदा वितळतो, आणखी उष्णता वाढते. ही साखळी एकदा सुरू झाली की काही सेकंदांत धूर आणि ज्वाला.

पहिल्या बॅटरीत दोष असा होता की पाकीट वळकटीला पुरेसे नव्हते. उजव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात जागा कमी पडून ऋण पत्र्याचे टोक वाकले आणि पडद्यावर दाब आला. लहान ट्रंकेत मोठी वळकटी कोंबली की तिचा कोपरा दुमडतो, तसेच हे. दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीत जोडकामाच्या वेळी राहिलेली धातूची टोके पडद्यात घुसली. काही बॅटऱ्यांत तर त्या जागी लावायची संरक्षक पट्टीच नव्हती.

त्यानंतर कंपनीने बॅटरीसाठी आठ टप्प्यांची तपासणी सुरू केली. त्यात क्ष-किरण तपासणीही आहे, म्हणजे आपल्याकडे हाड मोडले की जी करतात तीच. फोन पडला तरी बॅटरीला मार बसू नये म्हणून तिच्याभोवती आधाराच्या पट्ट्या बसवण्याचेही ठरले. आणि बोलकी गोष्ट पुढची आहे. जुलै २०१७ मध्ये हाच फोन दुरुस्त करून कोरियात पुन्हा विकायला आणला, तेव्हा त्यातली बॅटरी ३,५०० ऐवजी ३,२०० क्षमतेची होती. शिदोरी थोडी कमी केली.

या प्रकरणातली आणखी एक गोष्ट मला डॉक्टर म्हणून विचार करायला लावते. एवढा गाजावाजा होऊनही काही लोक तो फोन परत करीनात! शेवटी डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत कंपनीला असा संदेश-प्रोग्रॅम पाठवावा लागला की ज्यामुळे फोन चार्जच होईना. फोन सुंदर होता, पैसे मोजले होते, ‘माझ्या फोनला काही होत नाही’ असा भरवसा होता. आमच्या त्या बारावीच्या मुलाने लावलेले रबर आणि या लोकांचा हट्ट यांत मला काहीच फरक दिसत नाही. छातीत दुखत असताना ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा खात बसणारे रुग्णही याच जातकुळीतले.

फोन फुगतो म्हणजे काय?

बॅटरी जुनी झाली, सतत तापली किंवा हलक्या दर्जाची असली की आतला द्रव कुजू लागतो आणि वायू तयार होतो. पाकीट हवाबंद असल्याने ते फुगते. झाकण उचलले जाते, पडदा एका बाजूने वर येतो, सपाट टेबलावर ठेवलेला फोन भिंगरीसारखा फिरतो. हे बॅटरीचे दुखणे अंगाबाहेर दिसू लागल्याचे लक्षण आहे. अशा वेळी रबर लावून, चिकटपट्टी मारून किंवा घट्ट कव्हर घालून ती दाबणे म्हणजे पाकिटात वळकटी कोंबण्याची तीच चूक आपल्या हाताने करणे. सुईने टोचून ‘हवा काढणारे’ महाभागही मला भेटले आहेत. पडदा फाडण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही!

दुसरी चूक अंथरुणातली. चार्जिंग चालू असताना बॅटरी थोडी तापणारच. टेबलावर ती उष्णता हवेत निघून जाते. उशी, गादी, गोधडी यांत ती कोंडते. आपण अंगावर गोधडी घेतो ती ऊब कोंडण्यासाठीच ना? मग त्याच गोधडीत फोन ठेवला तर त्याचीही ऊब कोंडणारच. शिवाय कापूस जवळ आणि माणूस झोपेत.

म्हणून पुढील गोष्टी घरातल्या सर्वांना वाचून दाखवाव्यात :

१) फोन चार्जिंगला लावायचा तो टेबलावर, फरशीवर किंवा फळीवर. अंथरुणात, उशीखाली, सोफ्याच्या फटीत कधीही नाही.

२) फोन फुगलेला दिसला की त्याच क्षणी चार्जिंग बंद, वापर बंद. दाबू नये, टोचू नये, कचऱ्यात टाकू नये. जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून किंवा सेवा केंद्रातून बॅटरी बदलून घ्यावी.

३) चार्जर व बॅटरी घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक पाहावा. दोनशे रुपये वाचवताना हात गमावू नये.

४) बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. उभ्या गाडीत, मोटारसायकलच्या टाकीवर उन्हात फोन ठेवू नये. तापलेला फोन फ्रिजमध्येही ठेवू नये. आत दव धरते. सावलीत, कव्हर काढून निवू द्यावा.

५) फोन जोरात पडला, दबला, भिजला आणि नंतर तापू लागला किंवा गोडसर-उग्र वास येऊ लागला, तर तो आजारी समजावा.

पेटलाच तर?

सर्वांत आधी माणसे, विशेषतः लेकरे, बाजूला करावीत. फोन हाताने उचलू नये. आमच्या मुलाने तेच केले. शक्य असेल तर भिंतीवरचे बटण बंद करावे, आणि वीज बंद झाल्याची खात्री झाली की दुरूनच भरपूर पाणी ओतावे. पाण्याने बॅटरी निवते आणि ती साखळी तुटते. ज्वाला विझल्या तरी लगेच जवळ जाऊ नये, कारण ती पुन्हा भडकू शकते. धूर विषारी असतो, तो छातीत घेऊ नये. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे. आग पसरली तर अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर कळवावे.

भाजले असेल तर एकच मंत्र : वाहते थंड पाणी, सलग वीस मिनिटे. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तेल, तूप यांतले काहीही नको. त्याने उष्णता आतच राहते, जंतू शिरतात आणि जखम किती खोल आहे हे डॉक्टरला दिसत नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्यापूर्वीच काढावे. फोड फोडू नयेत. स्वच्छ, कोरड्या सुती कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा. तळहात, चेहरा किंवा सांधा भाजला असेल तर जखम लहान दिसली तरी घरी थांबू नये. डोळ्यांत काही उडाले असेल तर भरपूर पाण्याने धूत राहावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी डॉक्टरांकडे अवश्य करावी.

तो मुलगा तीन आठवडे एक दिवसाआड मलमपट्टीला येत होता. बोटे आखडू नयेत म्हणून मी त्याला मूठ उघडण्या-मिटण्याचा व्यायाम दिला. सुरुवातीला रडायचा, पण मावशी बाजूला बसून मोजायच्या. परीक्षा त्याने स्वतःच्या हाताने लिहिली, अक्षर मात्र वाकडे आले. शेवटच्या दिवशी जाताना बाई म्हणाल्या, “डॉक्टर, आता आमच्या घरात सगळ्यांचे फोन रात्री देवळीत असतात. दिव्याच्या जागी.”

जुन्या घरांत देवळीत दिवा ठेवायचे, तेही याच हिशोबाने. भोवती दगड, वर मोकळी हवा आणि अंथरूण लांब. आगीशी कसे वागावे हे आपल्या आजीला कुणी शिकवावे लागत नव्हते. मोबाइलच्या पोटातही थोडी आगच आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ झाले. आज रात्री झोपण्यापूर्वी आपला फोन एकदा कव्हरमधून काढा, सपाट टेबलावर ठेवा आणि बोटाने फिरवून पाहा. तो फिरला, तर उद्यावर ढकलू नका.