गावाचा इतिहास लिहिताना कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

आखाडा बाळापूरसारख्या गावाचा इतिहास लिहायचा म्हटलं, तर १९४८ पर्यंतची निजामी राजवट आली, १९६० चं महाराष्ट्र राज्य आलं आणि १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही आला. दोनतीनशे पानांत 'परभणी जिल्हा' कुठे ठेवायचा, कुठे 'हिंगोली' करायचं, हे एकेक पान चाळून तपासणं अवघड आहे. ते काम संगणकाला सांगता आलं पाहिजे.

आधी युनिकोड

श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या मजकुरात 'परभणी' वाचता येतं, पण आत त्या फॉन्टचे स्वतःचे संकेत असतात. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला तर नुसती चिन्हं उमटतात, शोधही लागत नाही. म्हणून सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, टंकन युनिकोडमध्येच करा. जुनी प्रकरणं कन्व्हर्टरने बदलता येतात. नंतर रफार आणि जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासावीच लागतात.

लिबरऑफिस रायटर

हे मोफत आहे आणि इंटरनेटविना चालतं. प्रकरणांच्या नावांना नुसतं ठळक करू नका, 'हेडिंग' शैली द्या. मग एफ५ दाबलं की नेव्हिगेटरमध्ये सगळी प्रकरणं ओळीने दिसतात. तिथूनच एखादं प्रकरण आतल्या मजकुरासकट वरखाली हलवता येतं. अनुक्रमणिकाही याच शैलींवरून तयार होते. वर्डमध्ये हीच सोय नेव्हिगेशन पेनमध्ये आहे. पहिल्या पुस्तकाला एवढं पुरतं, असं माझं ठाम मत आहे.

स्क्रिव्हनर

कीथ ब्लाउंट यांचं हे सॉफ्टवेअर २००७ मध्ये मॅकसाठी आलं, नंतर विंडोजवरही. म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, सातबाऱ्याचे फोटो, कात्रणं यांचा ढीग साचला असेल तर याचा खरा उपयोग कळतो. साधनं एका बाजूला उघडी ठेवून शेजारी लिहिता येतं आणि शेवटी सगळे तुकडे एका फाइलमध्ये जोडता येतात. ते विकत घ्यावं लागतं, पण वापराचे ३० दिवस चाचणीला मिळतात. विंडोजवर त्याचा प्रकल्प म्हणजे अख्खा फोल्डर असतो. पेन ड्राइव्हवर तो पूर्ण उतरवा, एकटी फाइल उचलू नका.



छपाईआधी

काही डीटीपीवाले अजून श्रीलिपीतच पानं लावतात. युनिकोड फाइल चालेल का, हे आधीच विचारा आणि नमुन्याची दोन पानं लावून घ्या. फाइलसोबत पीडीएफही द्या, म्हणजे मूळ अक्षर कसं होतं ते त्यांना ताडून पाहता येईल.