इसीडी : कधीही न उघडायची डबी

युरोपीय संघात ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. इतका सूक्ष्म अंश शोधण्याची वाट ज्या उपकरणाने पहिल्यांदा सोपी केली, ते म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफच्या टोकाला बसवलेला इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर. प्रयोगशाळेत त्याला इसीडी म्हणतात. मुठीत मावेल एवढाच त्याचा गाभा.

जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ साली लंडनमधल्या मिल हिल येथील वैद्यकीय संशोधन संस्थेत तो घडवला. कीटकनाशकांचे अंश अन्नात, मातीत, प्राण्यांच्या चरबीत कुठवर पोचले आहेत हे त्यामुळे मोजता येऊ लागले. १९७१-७२ मध्ये लव्हलॉक हाच डिटेक्टर घेऊन 'शॅकलटन' जहाजावरून दक्षिणेकडे गेले. शीतकांमधला क्लोरोफ्लुरोकार्बन वायू महासागरावरच्या हवेतही त्यांना सापडला. अशा वायूंमुळे विरळ होणाऱ्या ओझोनच्या थराची चर्चा पुढे १९८७ च्या माँट्रियल करारापर्यंत पोचली, तिच्या मुळाशी या मोजणीचाही वाटा आहे.

इसीडीचा गाभा म्हणजे एक बंद डबी. तिच्या आत निकेल-६३ या किरणोत्सारी धातूचा पातळ थर असतो. त्यातून निघणारे बीटा कण वाहत्या नायट्रोजनचे आयनीभवन करतात, मंद इलेक्ट्रॉनांचा ढग तयार होतो आणि त्यातून स्थिर विद्युतप्रवाह मिळतो. क्लोरीन, ब्रोमीन किंवा नायट्रो गट असलेला रेणू आला की तो इलेक्ट्रॉन गिळतो. प्रवाह घटू नये म्हणून उपकरण विजेच्या स्पंदांची वारंवारता वाढवते; ही वाढच कागदावर उंचवटा, म्हणजे पीक, म्हणून उमटते. साध्या हायड्रोकार्बनकडे इसीडी जवळजवळ ढुंकूनही पाहत नाही. या निवडक भुकेतच त्याची ताकद आहे.

निकेल-६३ चे अर्धायुष्य सुमारे १०० वर्षे. त्याचे बीटा कण इतके दुबळे की काही सेंटिमीटर हवेत विरतात आणि धातूची भिंत मुळीच ओलांडत नाहीत. खरा धोका तो पदार्थ श्वासातून किंवा तोंडावाटे शरीरात जाण्याचा. म्हणून ही डबी प्रयोगशाळेत कधीही उघडायची नाही, आतून सॉल्व्हंटने धुवायची नाही, दिलेल्या कमाल तापमानापुढे न्यायची नाही. बाहेर पडणारा वायू नळीने खोलीबाहेर किंवा फ्यूम हूडमध्ये सोडायचा. ठरावीक मुदतीने वाइप टेस्ट, म्हणजे बाहेरून पुसून किरणोत्सारी गळतीची तपासणी, घ्यायची. निकामी डिटेक्टर भंगारात टाकायचा नाही. भारतात तो अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसारच हाताळायचा.

सुरक्षिततेची ही शिस्त आणि चांगल्या निकालाची शिस्त वेगवेगळ्या नाहीत. ऑक्सिजन आणि ओलावाही इलेक्ट्रॉन गिळतात. ते आत शिरले की बेसलाइन, म्हणजे नमुना नसतानाची रेषा, चढते, संवेदनक्षमता उतरते आणि तापलेल्या निकेलचेही नुकसान होते. म्हणून आधी गॅस चालू करून हवा बाहेर काढायची, मगच डिटेक्टर तापवायचा. कॉलम बदलताना तो थंड होऊ द्यायचा आणि उघडे तोंड लगेच टोपणाने बंद करायचे. अतिशुद्ध गॅस, त्याच्या वाटेवर ऑक्सिजन व ओलाव्याचे ट्रॅप, वेळेवर बदललेला सेप्टम यांत केलेली काटकसर महागात पडते.

डिटेक्टर कॉलमपेक्षा गरम ठेवावा, म्हणजे जड संयुगे आत साचत नाहीत. अनेक पद्धतींत तो ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. डिटेक्टरमध्ये वेगळा जोडायचा मेकअप गॅस म्हणून शुद्ध नायट्रोजन किंवा पाच टक्के मिथेन असलेला आर्गॉन वापरतात. त्याचा प्रवाह कमी पडला तर पीक पसरट होतात, फार वाढला तर प्रतिसाद मंदावतो. नमुना डायक्लोरोमिथेनमध्ये असेल तर तो हेक्झेनमध्ये आणावा, नाहीतर सॉल्व्हंटच डिटेक्टरला भरून टाकतो. बेसलाइन हळूहळू चढू लागली, तर आधी गळती, ट्रॅप आणि कॉलम तपासावेत. सारे ठीक असेल तरच उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला बेक-आउट करावे.

पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात निर्यातीच्या द्राक्षांच्या कीटकनाशक-अंश तपासणीसाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. अशा कामात आज मास स्पेक्ट्रोमीटर पुढे आहेत, कारण ते रेणूची ओळखही पटवतात. इसीडी मुख्यतः किती ते सांगतो. काय ते ठरवायला दुसरा कॉलम किंवा दुसरे तंत्र लागते. तरीही हॅलोजनयुक्त संयुगांसाठी कमी खर्चात एवढी तीक्ष्ण नजर देणारी साधने थोडीच आहेत. ती नजर टिकते रोजच्या नोंदींवर: बेसलाइन किती होती, ब्लँकमध्ये काय दिसले, ओळखीच्या स्टँडर्डचा पीक कालइतकाच आला का. शेतकऱ्याचा माल अडवणारा किंवा सोडणारा आकडा या डबीतून येतो. त्या आकड्यावर सही करण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत असलीच पाहिजेत.