वसीयत नसेल तर बाजारातली उधारी कशी वसूल करावी?

कापडाचा दुकानदार जातो तेव्हा गल्ल्यात थोडे आणि बाजारात बरेच, असे आम्ही नेहमी पाहतो. वसीयत बहुधा नसतेच. चाळिसावा झाला की मुलगा वही घेऊन वसुलीला निघतो आणि समोरची पार्टी विचारते, "कोर्टाचा कागद आहे का?"

हे विचारणे गैर नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातील कलम २१४ प्रमाणे, तसा कागद दाखविल्याशिवाय मरहूमच्या येण्याचा हुकूमनामा कोर्ट वारसांना देत नाही. संपूर्ण मालमत्तेचा कारभार हाती घेण्यासाठी 'लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' मागता येतात. पण वसीयत नसलेल्या मुसलमानाच्या वारसांवर, कलम २१२ मुळे, त्यांची सक्ती नाही. उधारी व शेअर्सपुरते 'सक्सेशन सर्टिफिकेट' पुरते. घर किंवा गाळ्याला मात्र ते चालत नाही. तिथे वारस दाखला लागतो, तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली. इतका जुना कायदा अजून चालू आहे म्हटले की लोक हसतात!

अर्ज कुठे करावा? नवी मुंबईत गोंधळ इथेच होतो. सर्टिफिकेटसाठी दुकान नव्हे, मरहूमचे राहते ठिकाण पाहतात. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, पनवेल रायगडमध्ये. अर्जात सर्व वारस आणि प्रत्येक येणे रकमेसह लिहावे. जे येणे लिहिले नाही, त्याला सर्टिफिकेट लागू होत नाही.

कोर्टात वेळ जातो, आणि इकडे उधारीची मुदत थांबत नाही. विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. म्हणून अर्जाची वाट न पाहता, मुदत संपण्याआधीच, पार्टीकडून बाकी कबूल असल्याची लेखी सही घ्यावी. त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. व्यापारी बांधवांनी एवढे तरी कराच.

थोरल्याच्या नावे सर्टिफिकेट निघाले म्हणजे पैसा त्याचा झाला, असे नाही. तो फक्त वसूल करणारा. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज (बीबीचा न दिलेला मेहर हेही कर्जच), मग वाटणी. समजा २४ लाख उरले. मागे बीबी, दोन मुलगे, तीन मुली. बीबीला आठवा हिस्सा, ३ लाख. प्रत्येक मुलाला ६, प्रत्येक मुलीला ३ लाख. बहिणींकडून 'हक्क सोडला' म्हणून आधीच सह्या घेण्याची घाई आपल्या बाजारात फार दिसते. रक्कम किती, हे त्यांना सांगितलेलेही नसते.