विमानातली खुर्ची आणि मांडीवरचे बाळ

नांदेड-लातूरकडची कितीतरी कुटुंबे आता उमराहला जातात. हैदराबाद किंवा मुंबई गाठायची आणि तिथून विमान. माझी भाची निघाली तेव्हा तिने विचारले, "खाला, बाळ वर्षाचं आहे, मांडीवरच बसणार. माझ्याच पट्ट्यात त्यालाही बांधलं तर चालेल ना?"

या प्रश्नाचे उत्तर विमानाच्या खुर्चीच्या चाचणीत आहे.

पूर्वी खुर्चीवर सावकाश भार देऊन तिची ताकद पाहत. १९८८ मध्ये अमेरिकेने नियम बदलला. आता खुर्ची रुळावरच्या गाड्यावर बसवतात, तिच्यावर ७७ किलोचा पुतळा पट्ट्याने बांधतात आणि ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या धडकेइतका झटका देतात. झटक्याचा जोर वजनाच्या सोळापट असतो. अपघातात विमानाची जमीन वाकते, म्हणून चाचणीआधी खुर्चीखालची पट्टीही मुद्दाम पिळतात. तरी खुर्ची उखडता कामा नये. दुसऱ्या चाचणीत विमान खाली आदळल्यासारखा चौदापट झटका देऊन कण्यावरचा भार मोजतात. डोक्याला किती मार बसतो, हेही तपासतात.

अपघात म्हणजे सगळे संपले, असे नसते. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले विमान कोझिकोडला धावपट्टीपुढे घसरून खाली कोसळले, त्याचे तुकडे झाले. आपले मराठी वैमानिक कॅप्टन दीपक साठे यांच्यासह २१ जण गेले. पण १९० पैकी १६९ वाचले. अशा वेळी माणूस खुर्चीत बांधलेला राहणे फार मोलाचे असते.

आता बाळाचा हिशेब करा. दहा किलोचे मूल सोळापट झटक्यात त्या क्षणी १६० किलोचे होते. कुठल्याही आईचे हात ते धरू शकणार नाहीत. आणि एकाच पट्ट्यात दोघे असतील, तर आईचा सगळा भार बाळावर येऊन ते पट्ट्यात चिरडते.

म्हणून भाचीला सांगितले: बाळाला आपल्या पट्ट्यात घेऊ नकोस. विमानातल्या कर्मचाऱ्यांकडून बाळाचा वेगळा छोटा पट्टा माग, लावायचा कसा तेही विचारून घे. ऐपत असेल तर बाळासाठी वेगळे तिकीट काढून विमानात चालणारी बाळखुर्ची ने. ती चालेल का, हे कंपनीला आधीच विचार. तुझा पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर घट्ट बांध. उतरताना खुर्चीची पाठ सरळ ठेव.


तिने वेगळे तिकीट काढले. घरच्यांना खर्च जास्त वाटला, पण मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला.