जुनी गादी टाकायची कुठे?

केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर, गटारात वा पाण्यात कचरा टाकायला मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये दंड ठरवला. गादी याला अपवाद नाही. खरं तर कापसाची गादी कचरा नसतेच: उसवून, कापूस पिंजून नव्या खोळीत भरला की ती आणखी काही वर्षं चालते. फोमचं तसं नाही. पॉलियुरेथेन कुजत नाही, आणि पेटवला तर धुरात कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइडही असतो. ‘आपल्याच परड्यात जाळली’ हे समर्थन शेजाऱ्याच्या खिडकीपाशीच संपतं.

घंटागाडीत एवढं धूड मावत नाही, ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच स्प्रिंगा भंगारात द्याव्यात आणि फोमसाठी सातारा नगरपालिकेच्या वा सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या आरोग्य विभागाला आधी विचारावं. मृताचं अंथरूण घरात नको वाटतं, ही भावनाही समजते. पण साताऱ्याजवळच्या माहुलीला कृष्णेत सोडलेलं अंथरूण सांगलीकडेच वाहत येतं. 2019 सारख्या पुरात भिजलेली गादी मात्र पिंजूनही वापरू नये. ती थेट पालिकेकडेच द्यावी.