बाजारात दुधाशिवाय काय खावे?

बाजाराचा दिवस असला की घरात सकाळपासून लगबग असते. पिशव्या निघतात. भाकर खाऊन माणूस घर सोडतो. बाजार वणीचा असो, पुसदचा असो, की पांढरकवड्याचा. सौदा होईपर्यंत दुपार उलटते. पोटात कावळे ओरडू लागतात. मग पाय आपोआप भज्यांच्या गाडीकडे वळतात.

पण सगळ्यांचेच पाय वळत नाहीत.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक काका येतात. त्यांना दूध सोसत नाही. दुधाचा चहा घेतला की पोट फुगते, कळ येते, धावपळ होते. लोक हसतात. "एवढा मोठा गडी, अन् दुधाले भेतो!" म्हणून काका बाजारात काही खातच नसत. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळच्या एस.टी.ने घरी येत. एकदा उन्हात त्यांना भोवळ आली. तेव्हा आम्ही ठरवले, की या गोष्टीवर एक धडा लिहायचाच.

दूध का सोसत नाही?

दुधात एक साखर असते. ती पचवायला आपल्या आतड्यात एक पाचक रस तयार होतो. लहानपणी तो भरपूर असतो. मूल मोठे झाले, की पुष्कळ माणसांत तो कमी होत जातो. मग दुधातली साखर न पचता पुढे जाते आणि पोटात वायू धरतो. हा नखरा नव्हे, हे भित्रेपणही नव्हे. शरीराची ठेवणच तशी असते. अशा काही जणांना दूध चालत नाही, पण थोडे ताक-दही चालते. काहींना तेही चालत नाही.

दुधाचे वावडे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. ते जिवावर बेतू शकते. अशा माणसाने दुधाचा थेंबही टाळावा आणि त्रास होताच दवाखाना गाठावा.

आपखुशीने दूध सोडणारे

काही लोक मनाने दूध सोडतात. वासराच्या तोंडचे आपण घेऊ नये, असे त्यांना वाटते. मांस, मासे, अंडी, दूध, दही, तूप, मध यांतले ते काहीच खात नाहीत. अशा लोकांना 'वीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात निघाला. शब्द नवा आहे, पण विचार आपल्याला परका नाही. महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. पुढे १९१८ साली ते फार आजारी पडले. दूध घेतल्याशिवाय अंगात ताकद येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. व्रत घेताना गांधीजींच्या मनात गाय आणि म्हैस होती. मग शेळीचे दूध घ्यायला काय हरकत आहे, असे कस्तुरबांनी सुचवले. गांधीजी शेळीचे दूध घेऊ लागले, पण त्याची रुखरुख त्यांना राहिली. हेच गांधीजी १९३६ पासून आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला राहत होते.

बाजारात काय मिळते?

आता आपण बाजारात एक चक्कर मारू. दुधाशिवायचे किती पदार्थ सापडतात, ते पाहू.

पहिली गाडी भज्यांची. कांदाभजी, मिरचीभजी, आलुबोंडा. यांत बेसन, तिखट, मीठ आणि तेल असते. मुगाचे वडे डाळीचे असतात. ही चालतील. पण काही गाड्यांवर आलुबोंड्यावर ताकाची कढी ओततात. ती नको म्हणावे आणि चटणी मागावी. चटणीत दही नाही ना, तेही विचारावे.

दुसरी गाडी पोह्यांची. पोह्यांवर हरभऱ्याची तर्री. त्यात दूध नाही. मिसळीतही नाही, मात्र वरून दही घालू नका असे सांगावे.

समोसा आणि कचोरी यांच्या मैद्यात मोहन घालतात. ते तेलाचे आहे, की तुपाचे, हे विचारावे. 'डालडा' म्हणजे वनस्पती तूप. नावात तूप आहे, पण ते झाडापासून काढलेल्या तेलाचे करतात. त्यात दूध नसते. मात्र ते तब्येतीला चांगले म्हणून खाऊ नये.

झुणका-भाकर मिळाली तर फारच उत्तम. ज्वारी, बेसन, कांदा, तेल. पोट भरते आणि ताकदही येते. १९९५ साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली होती. गरिबाचे हे जेवण पहिल्यापासूनच बिनदुधाचे आहे. यात्रेत किंवा बचत गटांच्या प्रदर्शनात बाया चार दिवसांची दुकाने लावतात. तिथे सांबारवडी, गोळाभात, ठेचा असे घरचे पदार्थ मिळू शकतात. तिथे विचारणेही सोपे, कारण करणारी बाई समोरच असते. फक्त भाकरीवर आणि भातावर तूप वाढू नका, असे आधी सांगावे.

शेंगदाणे, फुटाणे, मुरमुरे, गूळ घातलेले मुरमुऱ्याचे लाडू, उसाचा रस हे तर आहेतच. हंगामात बोरे, सीताफळे, शिंगाडे येतात. चहा हवा असेल तर कोरा मागावा.

पेढा, बर्फी, लस्सी यांच्याकडे मात्र जाऊच नये. पावभाजीत लोणी असते. जिलेबीच्या पिठात कधी दही घालतात, ती कधी तुपातही तळतात. म्हणून विचारून घ्यावी.

कसे विचारावे?

नुसते "हे शाकाहारी आहे का?" असे विचारू नका. दूध, दही, तूप हे सारे शाकाहारीच समजले जाते. म्हणून नाव घेऊन विचारा.

"मावशी, यात दूध, दही, तूप काही टाकलं काय?"

"नाही भाऊ, निरं बेसन हाये. पण कढी ताकाची हाये, ते घेऊ नका."

झाले काम! विचारायला दोन पैसे पडत नाहीत.

पुड्यातला माल घेतला, तर तो वाचा. तुम्ही वाचायला शिकलात ते अशाच कामासाठी. चौकोनात हिरवा ठिपका असला म्हणजे माल शाकाहारी. पण त्यात दूध असू शकते. म्हणून घटकांची यादी पाहा. तिथे दूध, दूध पावडर, घी, मक्खन असे शब्द आहेत का, ते शोधा. यादी इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. २०२२ साली केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वीगन पदार्थांसाठी वेगळे नियम काढले. त्यांची खूण म्हणजे हिरवे 'व्ही' हे इंग्रजी अक्षर आणि त्याला एक लहान पान. गाडीवरच्या भज्यांवर ही खूण नसणार. तिथे आपली जीभच कामाची.

एक काळजी घ्या

मांस, अंडी आणि दूध सगळेच सोडले, तर बी-१२ नावाचे जीवनसत्त्व कमी पडते. रक्त कमी होते, हातापायांना मुंग्या येतात. म्हणून डॉक्टरांना विचारून त्याची गोळी घ्यावी. गरोदर बाई आणि लहान मूल यांचे दूध कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नये. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तूर, हरभरा, सोयाबीन आपल्याच जिल्ह्यात पिकतात. तेही ताटात रोज असावेत.

आमचे काका आता बाजारात उपाशी राहत नाहीत. पोह्यांच्या गाडीवर जातात, विचारतात, तर्री घालून पोहे खातात आणि वर कोरा चहा घेतात. परवा कोणी तरी त्यांना हसले. काका म्हणाले, "पोट माह्यं हाये, म्हणून विचाराचंही मीच."

तुम्हीही विचारा. आणि तुमच्याजवळ बसलेला कोणी दूध नको म्हणाला, तर त्याला हसू नका.