दीडशे युनिटांची थंडी

बालाघाटच्या थंडीला लोक हलकं समजतात. वैनगंगेवरून सकाळी धुकं उठतं, पारा दहाच्या खाली येतो, आणि तिकडे बैहरच्या पठारावर तर विचारायलाच नको. हवामान खात्याच्या मध्य प्रदेशातल्या गारठ्याच्या यादीत मलाजखंडचं नाव बऱ्याचदा दिसतं. आपली घरं मात्र उन्हाळ्यासाठी बांधलेली. उंच छत, झरोके, सैल खिडक्या. मग डिसेंबर उजाडला की हिटर, गिझर, रॉड बाहेर निघतात आणि जानेवारीत बिल हातात पडतं. त्या बिलाचा अंदाज आधीच घेता येतो, आणि ते कमीही करता येतं. कसं, ते या दहा गोष्टींतून पाहू.

१. खरी थंडी १५१ व्या युनिटाला

मध्य प्रदेशातल्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला, तर पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये लागतात. रेषा ओलांडली की ही सवलत जाते. म्हणजे दिवसाला सरासरी पाच युनिट, एवढीच आपली शिदोरी. आता गणित करा. २००० वॅटचा हिटर रोज दोन तास लावला तर रोजचे ४ युनिट, महिन्याचे १२०. फ्रिज, दिवे, टीव्ही, पाण्याची मोटर यांचे ७०-८० युनिट धरले, तर एकटा हिटर घराला रेषेपलीकडे ढकलतो. हिवाळ्यात हिटरची किंमत मोजताना त्याच्या युनिटांबरोबर ही गेलेली सवलतही धरायला हवी.

२. मीटरचा लाल ठिपका बोलतो

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी एका युनिटामागे किती लुकलुकी, तो आकडा छापलेला असतो. काही मीटरांवर तो ३२०० असतो, काहींवर १६००. घरातलं सगळं बंद करा, फक्त हिटर लावा आणि मोबाइलवर एक मिनिट लावून ठिपके मोजा. ३२०० च्या मीटरवर २००० वॅटचा हिटर मिनिटाला साधारण १०७ वेळा लुकलुकवतो. ठिपक्यांना ६० ने गुणा, ३२०० ने भागा, की किलोवॅट हातात. जुना गिझर, जुना फ्रिज, कोण किती खातो हे पाच मिनिटांत कळतं. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि गुणाकार-भागाकाराचा सरावही होतो.

३. महागडा हिटर जास्त ऊब देत नाही

लाल तारेचा, पंख्याचा, तेल भरलेला असे हिटर बाजारात किमतीने खूप वेगळे असतात. पण एका युनिटातून तिघेही जवळपास सारखीच उष्णता देतात, कारण वीज तारेत शिरली की तिची उष्णताच होते. फरक फक्त ती कुठे आणि किती लवकर पोचते याचा. अपवाद एकच, गरम-थंड दोन्ही चालणारा एसी. तो उष्णता तयार करण्याऐवजी बाहेरच्या हवेतून उपसून आत आणतो, म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांइतकी ऊब मिळते. घरात असा एसी आधीच असेल, तर हिटर विकत घेण्याआधी त्याचा रिमोट शोधा.

४. तुमची खोली एका अंशाला किती खाते?

जुन्या इमारतीतली वरच्या मजल्याची दहा बाय बारा फुटांची खोली घेऊ. दोन भिंती बाहेरच्या, नऊ इंची विटेच्या. वर उघडा स्लॅब, दोन खिडक्या, थोड्या फटी. बाहेरपेक्षा आत एक अंश जास्त ठेवायला छतातून सुमारे ३८ वॅट जातात, भिंतींतून तेवढेच, खिडक्यांच्या काचांतून ११ आणि फटींतल्या हवेबरोबर १६. बेरीज शंभरच्या आसपास. म्हणजे बाहेर १० अंश असताना आत २० हवे असतील तर सतत एक किलोवॅट, आणि चार तासांचे ४ युनिट. शिवाय रात्रभर गार झालेल्या भिंती सुरुवातीला बरीच ऊब स्वतःच पिऊन टाकतात, ते वेगळं. मधल्या मजल्यावर राहणाऱ्याचं छत हे वरच्या घराची जमीन असतं, म्हणून त्याचे ते ३८ वॅट जवळपास वाचतात. जुना फ्लॅट भाड्याने घेताना हे लक्षात ठेवा.

५. उदबत्तीची परीक्षा

याला एक रुपयासुद्धा लागत नाही. पहाटे पंखा बंद करा, उदबत्ती लावा आणि खिडकीच्या चौकटीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर सरळ वर जात असतो. फटीजवळ आला की एकदम आत वाकतो, कधी तुटतो, कधी भोवरा घेतो. तिथे खडूने खूण करा. आमच्या जुन्या घरात खिडक्यांपेक्षा दाराच्या खालची फट मोठी निघाली, बोटभर! आईने जुन्या लुगड्याची लांब पिशवी शिवली, तिच्यात वाळू भरली आणि ती वळकटी दाराशी ठेवली. त्या रात्रीपासून फरशीवर पाय ठेववू लागले. खिडकीच्या फटींना हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी फोमची चिकटपट्टी पुरते. स्वयंपाकघराचा झरोका मात्र कधीच बुजवू नका.

६. शेगडीचा धोका नाकाला कळत नाही

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं जिवावर बेततं. अर्धवट जळलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं झोप लागते आहे. शेकायचं तर अंगणात. झोपण्याआधी शेगडी घराबाहेर गेलीच पाहिजे, राख झालेली दिसत असली तरी.

७. जमिनीखाली हिवाळा नसतो

पहाटे हातपंपाच्या पाण्यातून वाफा निघताना पाहिल्यात? जमिनीत खोलवर ऋतू पोचत नाहीत. तिथलं पाणी वर्षभराच्या सरासरीइतकं, आपल्याकडे साधारण २५ अंशांचं असतं. छतावरच्या टाकीतलं पाणी पहाटे १४ पर्यंत उतरतं. पंधरा लिटरची बादली ४२ अंशांपर्यंत तापवायला टाकीच्या पाण्याला सुमारे अर्धा युनिट लागतो, ताज्या बोअरच्या पाण्याला जेमतेम ०.३. चार जणांच्या घरात महिन्याला १२० बादल्या, म्हणजे जवळपास ५९ युनिटांऐवजी ३६. बोअर असेल तर मोटर रात्री लावण्यापेक्षा अंघोळीच्या आधी लावा. एवढ्याने २३ युनिट वाचतात. गॅसवर तापवणाऱ्यांनाही हाच फायदा. १४.२ किलोच्या एका सिलिंडरवर टाकीच्या पाण्याच्या अडीचशेच्या आसपास बादल्या तापतील, बोअरच्या चारशे.

८. गिझरचे तारे कशाचे?

ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे टाकीच्या गिझरवर असतात. पाणी किती लवकर तापतं याचे ते तारे नसतात. तापवून ठेवलेलं पाणी चोवीस तासांत किती उष्णता गमावतं, त्यावरून ते दिले जातात. म्हणून गिझर दिवसभर चालू राहणाऱ्या घरात ताऱ्यांचं मोल जास्त. अंघोळीआधी वीस-पंचवीस मिनिटं लावून बंद करणाऱ्याला त्यांचा फरक कमी जाणवतो. खटका साठच्या ऐवजी पन्नासच्या आसपास ठेवा. पाणी उकळून मग बादलीभर विसण घालायचं, तर मधल्या वेळात टाकीतून जास्त ऊब उडून जाते. रॉड वापरत असाल तर तो बंद करून, प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका.

९. तणसाचं आणि गोधडीचं एकच शास्त्र

बालाघाट हा धानाचा जिल्हा. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच धानाच्या तणसावर गाय-बैल उबेत बसतात, कारण तणस आतून पोकळ असतो आणि त्यात हवा अडकून राहते. अडकलेली हवा विटेच्या तुलनेत सुमारे तीसपट कमी उष्णता पुढे जाऊ देते. गोधडीचे थर, कवेलूखालचा माळा, पडद्याची दुहेरी घडी, सगळीकडे काम तीच करते. स्लॅबवर सुमारे दोन सेंटिमीटरचा दाट थर्माकोलचा बोर्ड टाकून वर कोबा केला, तर चौथ्या मुद्द्यातले छताचे ३८ वॅट साधारण १३ वर येतात, म्हणजे अख्ख्या खोलीची गरज पावभर कमी. देशाच्या निवासी इमारतींच्या २०१८ च्या ऊर्जा संहितेत, इको निवास संहितेत, छतातून जाणाऱ्या उष्णतेला साधारण हीच मर्यादा घालून दिली आहे. आणि हे छत मे महिन्यातही तुमच्याच बाजूने उभं राहतं. छत दुरुस्तीला आलंच असेल तर गळती आणि ऊब ही दोन्ही कामं एकाच खर्चात उरका.

१०. दक्षिणेची खिडकी, फुकटचा हिटर

बालाघाट कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. २१ जूनला दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कलतो. डिसेंबरच्या शेवटी मात्र तो दक्षिणेला क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो आणि थेट खिडकीतून आत येतो. एक चौरस मीटर दक्षिणेच्या काचेतून भर दुपारी अर्ध्या किलोवॅटच्या आसपास ऊब मिळते. दहा वाजता पडदे बाजूला करा, दिवस मावळायच्या आधी जाड पडदे ओढा. रात्री खोली तापवण्यापेक्षा अंथरूण तापवा. दोन लिटरची गरम पाण्याची पिशवी भरायला ०.१ युनिट पुरतो. दोन तासांच्या हिटरच्या विजेत अशा चाळीस पिशव्या भरतात.

आता एक काम आजच करा. दुधाचा हिशोब जसा कॅलेंडरवर लिहिता, तसा मीटरचा आकडा लिहा आणि उद्या याच वेळी पुन्हा लिहा. फरक पाचाच्या आत असेल तर तुमचा हिवाळा रेषेच्या आत आहे. पाचाच्या वर गेला, तर आधी उदबत्ती लावून दाराशी बसा, हिटरचा विचार नंतर.